घरचा बार्बेक्यू सॉस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्बेक्यू सॉस म्हणजे नक्की काय? केचपमध्ये तिखट घातलं की झाला ना?

नाही. बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यांवर भाजणं, आणि त्या भाजलेल्या पदार्थाला लावायचा तो हा सॉस. केचप हा त्यातला एक घटक आहे, आणि तोही सगळ्या प्रकारांत नसतो. बार्बेक्यू सॉसचा खरा कणा म्हणजे आंबट. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजतात. तिथला सॉस म्हणजे व्हिनेगर, सुक्या मिरच्यांचे तुकडे, मिरपूड आणि मीठ. टोमॅटोचा पत्ताच नाही, पाण्यासारखा पातळ. त्याच राज्यात पश्चिमेकडे, लेक्सिंग्टनच्या आसपास, त्यात थोडं केचप पडतं. शेजारच्या साउथ कॅरोलिनाच्या मध्य भागात मोहरीचा पिवळा सॉस चालतो. तो जर्मन वसाहतकऱ्यांमुळे आला असं मानतात. अलाबामातल्या डिकेटर गावात बिग बॉब गिब्सनचं खानावळवजा दुकान १९२५ पासून आहे. तिथला सॉस चक्क पांढरा: मेयोनेज, व्हिनेगर आणि मिरपूड. केंटकीत ओवेन्सबरोला बोकडाच्या नव्हे, मेंढीच्या मटणावर वूस्टरशर या आंबट-खारट इंग्लिश सॉसपासून केलेला काळा, पातळ सॉस घालतात. टेक्ससच्या मध्य भागातल्या जुन्या दुकानांत तर मांस चांगलं असेल तर सॉस कशाला, असाच सूर असतो.

आपण बाजारात पाहतो तो दाट, गोडसर, लालकाळा सॉस अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटी शहराच्या घराण्यातला. त्या शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री पेरी बार्बेक्यू विकत असे. त्याचा सॉस चांगलाच तिखट आणि उग्र होता, गोडवा नंतरच्यांनी आणला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रिच डेव्हिस नावाच्या तिथल्या डॉक्टरने बाटलीबंद केलेला दाट गोड सॉस देशभर गेला, आणि बार्बेक्यू सॉस म्हणजे हाच अशी समजूत जगभर पक्की झाली. या पानावरची मूळ कृती याच प्रकाराची आहे, कारण घरातल्या लहानमोठ्यांना तो एकदम आवडतो आणि त्याचं सामान आपल्याकडे सहज मिळतं.

मग आपल्या चिंच-खजुराच्या चटणीपेक्षा हा वेगळा कसा?

आंबट, गोड, तिखट हे तिन्ही दोन्हींत आहे, त्यामुळे जीभ लगेच ओळख दाखवते. फरक दोन. चटणी वरून घालायची असते, हा सॉस आचेवर पदार्थाला चिकटून चकाकायला हवा. आणि चटणीत चिंचेचा आंबटपणा जिभेवर रेंगाळतो, तर व्हिनेगरचा आंबटपणा आधी नाकाला लागतो आणि तूप-चरबीचा तुपकटपणा कापतो. म्हणून हा सॉस नुसता चमच्याने चाखला की थोडा जास्त आंबट वाटलाच पाहिजे. कोंबडीच्या तंगडीवर किंवा पनीरवर तो बरोबर बसतो. चमच्यावर अगदी छान लागणारा सॉस ताटात मिळमिळीत लागतो.

मूळ प्रमाण सांगा.

साधारण ४५० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडा कमी सॉस होईल, आठ-दहा जणांच्या एका जेवणापुरता:

टोमॅटो केचप ३०० ग्रॅम
व्हिनेगर (४ टक्क्यांचं) १२० मिली
काकवी ८० ग्रॅम, किंवा बारीक चिरलेला गूळ ७५ ग्रॅम
पाणी १०० मिली
कांदा १ मध्यम (सोलून ८० ग्रॅम), किसलेला
लसूण ४ मोठ्या पाकळ्या, ठेचून
तेल १ मोठा चमचा
काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीची पूड २ चहाचे चमचे
मोहरीची पूड १ चहाचा चमचा
मिरपूड पाऊण चहाचा चमचा
वूस्टरशर सॉस १ मोठा चमचा
मीठ शेवटी, चाखून

चहाचा चमचा ५ मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा. घरातले पोह्यांचे चमचे वेगवेगळ्या मापाचे असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

कृतीचा क्रम महत्त्वाचा आहे का? सगळं एकदम घालून उकळलं तर?

चालेल, पण कांदा कच्चा लागेल आणि तिखटाचा रंग खुलणार नाही. क्रमाला कारण आहे.

आधी मोहरीची पूड मोठा चमचाभर गार पाण्यात कालवून दहा मिनिटं बाजूला ठेवा. मोहरीचा झणका गार पाण्यातच तयार होतो. कोरडी पूड थेट गरम आंबट रसात पडली तर झणका येतच नाही, उरतो तो कडवटपणा.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तेल तापवून किसलेला कांदा मंद आचेवर परता. सात-आठ मिनिटं लागतात. पाणी आटून कांदा मऊ आणि फिका सोनेरी झाला पाहिजे. भाजीच्या वाटणासारखा तांबूस नको, नाहीतर सॉसला रश्शाचा वास येतो. लसूण घालून अर्धा मिनिट. आच अगदी बारीक करून मिरचीची पूड घाला, दहापर्यंत मोजा आणि लगेच व्हिनेगर ओता. तिखट तेलात फुलतं पण करपत नाही. या वेळी वाफ डोळ्यांना झोंबते, तोंड बाजूला घ्या आणि खिडकी उघडी ठेवा.

व्हिनेगर दोन मिनिटं उकळू द्या, मग काकवी किंवा गूळ विरघळवा. त्यानंतर केचप, पाणी, मिरपूड, वूस्टरशर आणि भिजवलेली मोहरी. एक उकळी आली की आच मंद करा आणि झाकण अर्धवट ठेवून २० ते २५ मिनिटं शिजवा. दर तीन-चार मिनिटांनी तळापासून ढवळा. दाट झालेला सॉस फटफट उडतो आणि हाताला भाजतो. उंच काठाचं पातेलं आणि लांब दांड्याची पळी घेतली की निम्मा त्रास वाचतो.

झाला हे कसं कळतं? पळीच्या पाठीवर सॉस घेऊन मधून बोट फिरवा. रेघ तशीच राहिली, दोन्ही बाजू परत मिळाल्या नाहीत, की गॅस बंद. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, म्हणून पातेल्यात तुम्हाला हवा त्यापेक्षा किंचित सैल असतानाच उतरवा. एकजीव हवा असेल तर कोमट झाल्यावर मिक्सरमधून काढा. गरम सॉस मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवला तर वाफेने झाकण उडतं आणि भिंत रंगते.

मीठ आत्ता चाखून घाला. केचप आणि वूस्टरशरमध्ये आधीच मीठ असतं, त्यामुळे बहुतेक वेळा पाव चमचा पुरतो आणि कधी तोही लागत नाही.

मोलॅसिसऐवजी काकवी खरंच चालते? साखर कारखान्यातली मळी म्हणजेच मोलॅसिस ना?

काकवी नुसती चालत नाही, इथे ती उत्तमच. अमेरिकी कृतींमधलं मोलॅसिस हे उसाचा रस आटवून साखर काढताना उरणारं खाण्याजोगं दाट पाक असतं: काळं, गोड आणि मागे किंचित कडवट. आपल्या कारखान्यांची मळीही त्याच प्रक्रियेतली, पण साखर काढून काढून अगदी शेवटी उरलेली. ती डिस्टिलरीत मद्यार्कासाठी जाते, स्वयंपाकघरासाठी नाही. काकवी म्हणजे गूळ होण्याआधी काहिलीतून काढलेला दाट रस. त्यात सगळी साखर शाबूत असते, म्हणून ती मोलॅसिसपेक्षा जास्त गोड आणि कमी कडवट. अमेरिकी कृतीत मोलॅसिस आणि ब्राउन शुगर दोन्ही दिलेली असतील तर दोन्हींच्या जागी एकटी काकवी घ्या.

कडवट काळी छटा हवीच असेल तर पाव चहाचा चमचा कोको पूड किंवा अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी चमचाभर पाण्यात कालवून घाला. याहून जास्त नको, लगेच कळतं.

गूळ घेतला तर साधा घ्या, चिक्कीचा नको. गुळात कधी कधी बारीक कचरा असतो, त्यामुळे तो शंभर मिली पाण्यात विरघळवून गाळून घातलेला बरा. गूळ खारट निघाला तर मीठ अजिबात घालू नका. पिवळाधमक गूळ रंगाला मार खातो. काळपट तांबूस गुळाने सॉसला रंगही येतो.

व्हिनेगर कोणतं? लिंबू किंवा चिंच वापरू का?

किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर बहुधा ४ टक्के असिटिक अ‍ॅसिडचं असतं. बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असलं तरी या सॉसला ते चालतं, फक्त त्याचा आंबटपणा एकसुरी असतो. सफरचंदाचं व्हिनेगर घेतलं तर फळाची हलकी गोडी मागे राहते. ते साधारण ५ टक्क्यांचं असतं, म्हणून १२० ऐवजी १०० मिली घ्या. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी हीच दुरुस्ती करावी, तिकडचं साधं व्हिनेगरही बहुधा ५ टक्के किंवा जास्त असतं. गोव्याचं माडाचं व्हिनेगर मिळालं तर अवश्य वापरा. त्याचा खमंग, किंचित आंबूस वास भाजलेल्या मांसाबरोबर फार जमतो.

लिंबाचा रस उकळला की वास मरतो आणि कडवटपणा वर येतो. घालायचाच तर गॅस बंद केल्यावर चमचाभर. चिंचेचा कोळ पूर्णपणे व्हिनेगरच्या जागी घातला की तो पाणीपुरीच्या दिशेने जातो. तीस मिली व्हिनेगर कमी करून दोन मोठे चमचे दाट कोळ घातला तर मात्र सॉसला खोली येते, आणि ते काही परकंही नाही: वूस्टरशर सॉसमध्ये चिंच असतेच. आमसूल घालू नका. रंग काळपट जांभळा होतो आणि वास सोलकढीचा येतो.

आणि हे महत्त्वाचं: तीव्र असिटिक अ‍ॅसिड आणून पाणी घालून घरी व्हिनेगर बनवायच्या भानगडीत पडू नका. त्याने कातडी भाजते.

विकतचं केचप घालायचं नाही. ताज्या टोमॅटोचा करता येईल?

येईल, वेळ मात्र दुप्पट. तीनशे ग्रॅम केचपच्या जागी दीड किलो पिकलेले, लांबट, जाड गराचे टोमॅटो घ्या. गावरान टोमॅटोला चव छान असते, पण रस आणि बिया इतक्या की आटवता आटवता पुरेवाट होते. चिरून, झाकण ठेवून पंधरा मिनिटं शिजवा, मिक्सरमधून काढून चाळणीतून गाळा. साल आणि बिया राहिल्या तर सॉस भाजताना त्या आधी करपतात. गाळलेला रस पसरट कढईत साधारण ३०० ग्रॅम उरेपर्यंत आटवा. पाऊण ते एक तास लागतो. आता यात केचपमध्ये असणारं बाकीचं घालावं लागेल: ६० ग्रॅम साखर, दीड चहाचा चमचा मीठ, ३० मिली जादा व्हिनेगर, दोन लवंगा आणि बोटाच्या पेराएवढा दालचिनीचा तुकडा. लवंग-दालचिनी आठवणीने काढून टाका. पुढची कृती तीच.

टोमॅटो महाग असतील त्या दिवसांत हा उद्योग करू नये. पाकिटातली टोमॅटो प्युरी घेतली तर ती ४५० ग्रॅम घेऊन ३०० पर्यंत आटवा. साखर, मीठ आणि मसाला वरच्यासारखाच.

धुराचा वास कसा आणायचा? बाटलीतला ‘लिक्विड स्मोक’ मिळत नाही.

त्याची गरज नाही. पदार्थ कोळशावर भाजणार असाल तर धूर पदार्थातच येतो, सॉसमध्ये वेगळा लागत नाही. गॅसवर किंवा ओव्हनमध्ये करणार असाल तर दोन वाटा आहेत.

पहिली: मिरचीच्या पुडीतला एक चमचा कमी करून त्याजागी धुरावलेली पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) घालणं. मोठ्या किराणा दुकानांत ती मिळते. तिखटपणा जवळजवळ नसतो.

दुसरी धुंगार. तयार गरम सॉस पसरट पातेल्यात घ्या, मधे स्टीलची छोटी वाटी ठेवा. लाकडी कोळशाचा लिंबाएवढा तुकडा लालबुंद करून वाटीत ठेवा, वर अर्धा चमचा तूप किंवा तेल सोडा आणि लगेच घट्ट झाकण लावा. तीन-चार मिनिटांनी उघडा. दहा मिनिटं ठेवलं तर धूर कडू होतो आणि सॉस औषधासारखा लागतो, मग तो दुरुस्त होत नाही. नारळाच्या करवंटीचा कोळसा चालतो. पेटवण्यासाठी रसायन लावलेला तयार बार्बेक्यूचा कोळसा वापरू नका, त्याचा वास सॉसमध्ये उतरतो.

कोळशाची शेगडी बंद घरात, बंद गॅलरीत कधीही नको. कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

कोणती मिरची? मुलांनाही खायचा आहे.

रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी, तिखटपणासाठी मिरपूड. लवंगी किंवा संकेश्वरी मिरचीने सॉस नुसता जाळ होतो, लाली मात्र येत नाही. कांदा-लसूण मसाला किंवा गरम मसाला घालायचा मोह होतो, तो आवरा. सॉस चांगला लागेल पण तो रस्सा होईल. मुलांसाठी मिरपूड निम्मी करा आणि मोठ्यांच्या वाट्याच्या सॉसमध्ये शेवटी सुक्या मिरच्यांचे तुकडे घाला. एकाच पातेल्यातून दोन सॉस होतात.

वूस्टरशर सॉस शाकाहारी असतो का?

मूळ इंग्लिश सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे आंबवून घातलेले असतात, म्हणजे नाही. भारतात बनणाऱ्या काही बाटल्या शाकाहारी आहेत, हिरवा ठिपका पाहून घ्या. न मिळाल्यास एक मोठा चमचा वूस्टरशरच्या जागी दोन चहाचे चमचे सोया सॉस, एक चहाचा चमचा चिंचेचा दाट कोळ आणि चिमूटभर लवंगपूड. सोया खारट असतो, मीठ चाखल्याशिवाय घालू नका.

जैन पद्धतीने करायचा असेल तर कांदा, लसूण आणि वूस्टरशर तिन्ही गाळा, केचपही कांदा-लसूण नसलेलं घ्या. गरम तेलात पाव चमचा हिंग घालून पुढे वरचाच सोया-चिंचेचा पर्याय वापरा. दाटपणा थोडा कमी येतो, पाच मिनिटं जास्त आटवा.

भाजताना सॉस काळा पडतो, कडू होतो. दर वेळी.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि दोष जवळजवळ कधीच सॉसचा नसतो. सॉस फार लवकर लावला जातो.

या सॉसचा सुमारे एक तृतीयांश भाग साखर आहे. साधी साखर साधारण १६० अंश सेल्सिअसला तांबूस होऊन पुढे जळकट होऊ लागते, काकवी-गुळातल्या फळसाखरेसारख्या साखरा त्याहून बऱ्याच आधी. कोळशावरची जाळी किंवा कडक तापलेला तवा २०० च्या वर सहज जातो. कोंबडीची तंगडी शिजायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. पहिल्या मिनिटाला सॉस लावला तर हाडाजवळ मांस कच्चं आणि वर कोळसा, हे ठरलेलंच.

म्हणून पदार्थ आधी मीठ-मिरपूड-तेल लावून जवळजवळ पूर्ण शिजवायचा, सॉस शेवटच्या दहा मिनिटांत. एक किलो तंगड्यांना १२ ग्रॅम मीठ चोळून ओव्हनमध्ये २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं ठेवा. मग ब्रशने पातळ थर, पाच मिनिटं. उलटून दुसरा पातळ थर, आणखी पाच मिनिटं. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले चकाकतात, जाड थर ओघळतो आणि ट्रेमध्ये जळतो. मांस शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका, सॉस फसवतो. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता, ७४ अंश दिसले पाहिजेत. कोळशावर असाल तर सॉस लावल्यावर तुकडे निखाऱ्यांवरून बाजूला, कमी आचेच्या भागात सरकवा.

तव्यावरच्या पनीरला एवढाही वेळ नको. पनीर दोन्ही बाजूंनी भाजून घ्या, गॅस बारीक करा, सॉस घालून दीड मिनिट परता आणि उतरवा. सुरण, बटाटा, मक्याचं कणीस आधी वाफवून घ्या. मशरूमला पाणी सुटतं. ते आटल्यावरच सॉस.

सॉसमध्येच मांस रात्रभर मुरत ठेवलं तर?

वरचंच होईल: करपेल. शिवाय आंबटामुळे कोंबडीचा वरचा थर पिठूळ होतो. अगदी हवंच असेल तर दोन तास, आणि भाजण्याआधी सॉस पुसून काढा. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश परत बाटलीत बुडवू नका. लागेल तेवढा सॉस आधीच वाटीत काढा आणि वाटीत उरलेला टाकून द्या.

चव चुकली. आता?

चाखण्याआधी चमचाभर सॉस बशीत गार करा. कढत सॉस कमी खारट लागतो आणि व्हिनेगरची वाफ नाकात जाऊन तो उगाच आंबट वाटतो.

फार आंबट असेल तर लगेच गूळ ओतू नका. आधी पाच मिनिटं उघडा उकळा, थोडा आंबटपणा वाफेबरोबर जातो. मग दहा-दहा ग्रॅमने गूळ. फार गोड झाला तर व्हिनेगर एकेक मोठा चमचा, आणि चिमूटभर मीठ. कित्येकदा गोडवा जास्त नसतो, मीठ कमी असतं. खारट झाला तर पाण्याने चव पातळ होते, साधी टोमॅटो प्युरी घालून आटवलेली बरी. कच्चा बटाटा टाकून मीठ शोषलं जातं ही समजूत इथे कामाची नाही.

कडवट असेल तर कुठून आला ते पाहा. तळाला लागला असेल तर खरवडू नका, वरचा सॉस दुसऱ्या पातेल्यात ओता आणि चाखा. बहुधा वाचतो. लसूण किंवा तिखट करपलं असेल तर वाचत नाही. मोहरीचा कडवटपणा असेल तर एक रात्र फ्रिजमध्ये ठेवून पाहा, पुष्कळ कमी होतो. लोणच्यासाठी मिळणारी मोहरीची डाळ दळून घेतली तर हा प्रश्न येतच नाही, कारण साल निघालेलं असतं.

पातळ राहिला तर आटवा, कॉर्नफ्लोर घालू नका. पिठाचा सॉस भाजताना चकाकत नाही, त्यावर कातडं धरतं. फार घट्ट झाला तर उकळतं पाणी चमच्या-चमच्याने.

केला त्या दिवशी उग्र लागतो, दुसऱ्या दिवशी चांगला. असं का?

लोणच्यासारखंच. मुरावा लागतो. कच्च्या व्हिनेगरचा तोरा उतरतो, लसूण-मिरपूड रसात मिसळतात. पाहुणे रविवारी असतील तर सॉस शुक्रवारी करा.

भांडं कोणतं?

स्टील किंवा इनॅमल. पितळ आणि तांब्यात, कल्हई असली तरी, इतका आंबट पदार्थ अर्धा तास शिजवू नये, कळकतो. लोखंडी कढईत रंग काळा आणि चव लोखंडाची. साध्या अ‍ॅल्युमिनियमलाही आंबट खातं.

किती दिवस टिकतो?

वरच्या प्रमाणातला केचपचा सॉस फ्रिजमध्ये तीन आठवडे. ताज्या टोमॅटोचा दहा दिवस. फ्रीजरमध्ये दोन्ही तीन महिने, पण काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून नव्हे, गोठताना फुगून बाटली फुटते.

काचेची बाटली दहा मिनिटं पाण्यात उकळून, पूर्ण कोरडी करून, गरम बाटलीत गरम सॉस भरा. गार बाटलीत कढत सॉस ओतला की तडा जातो. रिकाम्या केचपच्या प्लास्टिकच्या बाटलीत गरम सॉस नको. ओला चमचा घालू नका. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी वरचा भाग काढून बाकी वापरायचं नाही, सगळा टाका. झाकण फुगलं, उघडताना फुस्स आवाज आला किंवा फेस दिसला तरी तेच.

व्हिनेगर आहे म्हणून बाहेर टिकेल असं समजू नका. कारखान्यात प्रत्येक घाण्याची आम्लता मोजतात, आपण मोजत नाही. व्हिनेगर निम्मं करून ‘सौम्य’ सॉस केला असेल तर चार-पाच दिवसांत संपवा.

पंचवीस माणसांसाठी करायचा आहे. सगळं तिप्पट करू?

केचप, काकवी, कांदा तिप्पट. व्हिनेगरही तिप्पट, पण पाणी दुप्पटच. मिरपूड आणि मिरची आधी अडीचपट घालून चाखा. आटण्याचा वेळ पातेल्याच्या तोंडावर अवलंबून असतो: त्याच पातेल्यात तिप्पट सॉस केलात तर तासभर ढवळत बसाल, आणि तळ लागण्याची शक्यता वाढते. पसरट कढई घ्या किंवा दोन पातेली लावा. अंदाज असा धरा: माणशी ४० ते ५० मिली, त्यात लावायचा आणि ताटात वाढायचा दोन्ही आले. फक्त लावायला, एक किलो कोंबडीला १५० मिली पुरतो.

मधुमेह असलेल्यांसाठी? तान्ह्या बाळासाठी?

गूळ किंवा काकवी घातली म्हणजे साखर नाही असं नसतं, ती साखरच आहे. अशांसाठी पूर्व नॉर्थ कॅरोलिनाचा पातळ सॉस जास्त सोयीचा: २०० मिली व्हिनेगर, एक चहाचा चमचा मीठ, दोन चमचे सुक्या मिरच्यांचे तुकडे, एक चमचा मिरपूड. शिजवायचा नाही, मीठ विरघळेपर्यंत हलवायचा आणि रात्रभर ठेवायचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेला सॉस शिजवलेला असला तरी देऊ नये.

पांढरा सॉस कसा करतात?

१५० ग्रॅम मेयोनेज, ४० मिली व्हिनेगर, एक चहाचा चमचा मिरपूड, अर्धा चमचा मोहरीची भिजवलेली पूड, चिमूटभर साखर आणि मीठ. फेटलं की झालं. हा आचेवर लावायचा नाही, भाजून उतरवलेल्या कोंबडीवर घालायचा, फ्रिजमध्ये चार दिवस.

वांग्याच्या भरतात घातला तर?

घालू नका. भाजलेल्या वांग्याला त्याचा स्वतःचा धूर पुरेसा आहे.

बाटलीच्या तळाशी उरलेला सॉस निघतच नाही.

बाटलीत तीन मोठे चमचे व्हिनेगर आणि दोन चमचे पाणी घालून झाकण लावून जोरात हलवा. जो पातळ, आंबट रस मिळतो तो कणसं किंवा कोंबडी भाजताना दर दहा मिनिटांनी वरून शिंपडायला उत्तम. त्यात साखर इतकी थोडी असते की तो सुरुवातीपासून लावला तरी करपत नाही.